डोळ्यांचा रकाना

रक्तदाबाच्या पट्ट्याच्या निळ्या कापडावर, नळी जिथं आत शिरते त्याच्या जरा वर, एक पिवळा ठसा — अंगठ्याचा असावा, कारण रुंद होता आणि एका बाजूला घसरला होता, पट्टा सोडवायला कुणी घाईनं मदत करावी तसा... प्रमोदनं तो दोनदा स्पिरिटनं पुसला होता, एकदा साबणानं. फिकटला होता, गेला नव्हता. हळदीच्या मोसमात दिवसाकाठी वीस-पंचवीस दंड या पट्ट्यात येऊन गेले होते आणि त्या प्रत्येक दंडाच्या टोकाला एक पिवळा हात होता. तेव्हा हा अंगठा अमकीचाच, असं म्हणायला काहीएक आधार नव्हता. हे तो स्वतःला समजावत होता, रुग्णाला समजावतात त्या संथ, सपाट आवाजात — आणि समजावता समजावताच पट्टा खिडकीच्या उजेडाशी नेत होता.

उजेडात. उजेडातच बघायचं असतं. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं आणि त्यानं वहीत खाली रेघ ओढली होती: रुग्णाला दारापाशी आणा, तोंड उन्हाकडे करा, पापणी ओढा, डोळ्याचा पांढरा भाग बघा. ट्यूबलाइटवर विसंबू नका. कातडी फसवते, डोळा फसवत नाही. परीक्षेत हाच प्रश्न आला होता. दहापैकी नऊ मिळाले होते.

एप्रिल लागला होता. वसमतहून इकडे येणाऱ्या रस्त्याच्या कडेनं महिन्यापूर्वी वाळत पडलेले हळकुंडांचे ढीग आता विक्रीला मोंढ्यात गेले होते. शिजवायच्या टाक्या उपड्या घातल्या होत्या, अंगणं शेणानं सारवून घेतली होती, गावाच्या अंगावरून हळद उतरत चालली होती. राहिली होती ती असल्या जागी — पट्ट्याच्या कापडात, दाराच्या कडीवर, एस.टी.च्या दांड्यावर, आणि एका वाक्यात, जे त्यानं अठरा फेब्रुवारीला, दुपारी बाराच्या सुमारास, उपकेंद्राच्या याच खुर्चीत बसून हसत उच्चारलं होतं.

‘हळदच आहे. धुतल्यावर जाईल.’

सृष्टी. वय बावीस. पहिलटकरीण, आठवा महिना. त्यानंतरच्या नवव्या दिवशी, नांदेडच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच ती गेली, आणि तिच्या पोटातलं तिच्याबरोबर गेलं. कावीळ, पाण्यातून आलेली. गरोदर बाईच्या अंगात ती अशीच उधळते. चौघींतली एक जाते, असं पुस्तकात होतं. म्हणजे तिघी राहतात, असंही पुस्तकातच होतं, आणि गेल्या दीड महिन्यात प्रमोद पहिल्या अर्ध्या वाक्याला धरून झोपायचा आणि दुसऱ्या अर्ध्यानं जागा व्हायचा.

उद्या तालुक्याला या मृत्यूची चौकशी होती. टेबलावर गरोदर मातांचं रजिस्टर उघडं पडलं होतं. सृष्टीच्या ओळीत वजन होतं, रक्तदाब होता, पोटाची उंची होती, लोहाच्या गोळ्या दिल्याची खूण होती. ‘डोळे : कावीळ’ या रकान्यात मात्र काही नव्हतं. अर्ध्या पेराएवढा चौकोन. त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळींत त्याच्याच अक्षरात ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’... त्या ‘नाहीं’पैकी किती डोळे पाहून लिहिले होते आणि किती नुसते सवयीनं, हेही त्याला आता धडपणे सांगता आलं नसतं.

सकाळीच प्राथमिक आरोग्य केंद्रातून वैद्यकीय अधिकारी मॅडमचा फोन येऊन गेला होता.

‘‘प्रमोद, तो रकाना रिकामा का?’’

‘‘राहून गेला, मॅडम.’’

‘‘म्हणजे बघितलं होतं, लिहायचं राहिलं. असंच ना?’’

त्यानं रजिस्टर जवळ ओढलं.

‘‘हे बघा, त्या दिवशी कावीळ नसेलही. ती चार दिवसांत चढते. तुम्ही ‘नाही’ लिहिलंत, तर ते चूक आहे असं जगात कुणी म्हणू शकणार नाही. रिकामा ठेवलात, तर तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतंय एवढं लक्षात ठेवा. दुपारी घरच्यांचा जबाब घेऊन या. आशाताईंना बरोबर न्या. आणि भावनिक होऊ नका.’’

मॅडम वाईट नव्हत्या. चार वर्षांत त्यांनी त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. आजही त्या त्याला वाचवूच पाहत होत्या. पण फोन ठेवल्यावर त्यांचं ते एक वाक्य खोलीत तसंच राहिलं — जगात कुणी म्हणू शकणार नाही. किती ओस जागा होती ती! त्या दुपारी या खोलीत होती त्या तीन माणसांपैकी सृष्टी जळून गेली होती, तिच्या सासूला काय बघायचं असतं तेच ठाऊक नव्हतं, आणि तिसरा तो. एवढ्या मोठ्या जगात एक गोष्ट फक्त आपल्यालाच माहीत असावी आणि ती आपण काहीही बोललो तरी खरी ठरावी... माणसाला एवढी मोकळीक असू नये, असं त्याला वाटलं.

‘‘काय त्या पट्ट्याकडं बघून राहिलाव, साहेब? मशिनीसंगं लगीन लागलं का काय?’’ दारात रुक्माबाई उभी होती. गावची आशाताई, पन्नाशीची, डोक्यावर टॉवेल, काखेत जबाबाच्या कागदांची पिशवी.

‘‘पुसत होतो.’’

‘‘आवं, करा आता एकदाचं. या उपकेंद्रात पाली बी जोडीनं राहून राहिल्यात. तुमीच तेवढे एकटे.’’

तो हसला. हे ती आठवड्यातून एकदा तरी म्हणायची आणि तो आठवड्यातून एकदा तरी हसायचा. मागच्या खोलीतली त्याची एक थाळी, एक पेला, एक उशी, हे सगळं त्या हसण्यामागं नीट झाकून जायचं. रुक्माबाईनं रांजणातलं पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि आवाज उतरवला.

‘‘पर साहेब, द्वारकाबाईला जरा जपून इचारा. लई खचलीय बाई. गावातल्या बाया बोलून राहिल्यात — सासूनं पोटुशा पोरीला हळदीत बसवलं, हळद अंगात भिनली, काळजाला लागली. आता तिलाबी तसंच वाटून राहिलंय. जेवत न्हाई बराबर.’’

‘‘हळदीनं कावीळ होत नाही, रुक्माबाई.’’

‘‘ते मला ठावं, तुमाला ठावं. तिला सांगावं कोनी? मी सांगितलं तर म्हणती, तू तर माझं मन राखायला बोलतीस.’’

दोघं निघाली. उन्हात गाव पांढरं पडलं होतं. रुक्माबाई पुढं चालत कुणाच्या तरी लेकीच्या बाळंतपणाविषयी बोलत होती आणि प्रमोद तिच्या टाचांकडे बघत चालत होता, कारण टाचांकडे बघत चाललं की ऐकल्यासारखं दिसतं आणि आतलं चालू ठेवता येतं...

त्या दिवशीही असंच ऊन होतं, म्हणून दार लोटलेलं होतं, वर ट्यूबलाइट. सृष्टी बाकड्याच्या टोकावर बसली होती, पदर कपाळावरून भुवयांपर्यंत ओढलेला, मान खाली. गावात साठीच्या बाया उघड्या डोक्यानं फिरतात, पण नवी सून डॉक्टरपुढं — सगळे त्याला डॉक्टरच म्हणत, तो किती वेळा ‘मी समुदाय आरोग्य अधिकारी’ म्हणाला तरी — अशीच बसते. ‘जेवण जाईना,’ ती म्हणाली होती. ‘मळमळतंय. अन् हे...’ आणि तिनं दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले होते. पिवळे. तेव्हा द्वारकाबाई, तिची सासू, मोठ्यानं हसली होती, आणि तिच्या हसण्यात काही वाईट नव्हतं, उलट लाडच होता: ‘अगं येडे, सगळं गाव पिवळं झालंय! हे बघा डॉक्टर, माझे बघा.’ आणि तिनं आपले तळवे सुनेच्या तळव्यांशेजारी मांडले होते. टेबलावर ओळीनं चार तळवे, एकाच रंगाचे. दोन भेगाळलेले, दोन कोवळे. ते दृश्य इतकं बरं वाटलं होतं त्याला — सासू-सून अशा हातात हात मिसळून, सकाळपासून मोडलेल्या हळकुंडांचा तो मातकट, उग्र वास — की तोही हसला होता. आणि मग बोलला होता ते वाक्य.

पण वाक्याच्या आधी काहीतरी झालं होतं. हे रजिस्टरात नव्हतं, चौकशीच्या कागदातही त्याला रकाना नव्हता. वाक्याच्या आधी त्याचा उजवा हात उचलला गेला होता. टेबलावरून वीतभर वर, तिच्या चेहऱ्याच्या दिशेनं. ‘पदर जरा मागं घ्या, वर बघा’ — एवढंच म्हणायचं होतं, मग अंगठा, पापणी, आणि दार उघडून उजेड. हात वीतभर गेला आणि थांबला आणि खाली येऊन त्यानं पेन उचललं.

का?

परका पुरुष म्हणून? असेल. या गावात बायकांच्या दंडाला पट्टा बांधतानाही तो आधी घरच्यांकडे बघतो. घाई होती म्हणून? बाहेर सात जण बसले होते. की... डोंगरकड्याला, त्याच्या गावी, तो तिसरीत असताना, भागवत नावाच्या मित्राच्या घरी खेळायला गेला होता. भागवतची तान्ही बहीण खाटेवरून पडली आणि रडून निळी झाली, म्हणून जवळ होता तो धावला, त्यानं तिला उचललं, खांद्याशी धरलं, बाळ गप्प झालं. भागवतची आई आतून आली, तिनं बाळ त्याच्याकडून घेतलं. काही बोलली नाही. रागावली नाही. ओंजळभर पाणी घेऊन तिनं बाळाच्या अंगावर शिंपडलं — सहज, अंगवळणी पडलेलं काम करावं तसं — आणि मग प्रमोदला कागदावर एक लाडू दिला आणि म्हणाली, ‘गुणाचं लेकरू हाय.’ खरोखर मायेनं म्हणाली. लाडू त्यानं खाल्ला. गोड होता. तेव्हापासून त्याच्या हातात आणि दुसऱ्याच्या कातडीत एक क्षण जास्तीचा असतो. इतरांना तो दिसत नाही. त्याला दिसतो. इथं रुजू झाला त्या आठवड्यात सहा जणांनी आडनाव विचारलं होतं आणि ते कळल्यावर सहाही जण आधीइतकंच गोड बोलले होते. फक्त आडनाव आणि पुढचं वाक्य यांच्यामध्ये एका श्वासाची जागा पडली होती, आणि ती जागा त्यानं सहाही वेळा ऐकली होती.

हे खरं होतं. पण — आणि इथं आल्यावर त्याची पावलं मंदावत — हे खरं असलं तरी कारण होतं, की निमित्त? तेवीस वर्षांपूर्वीची ती ओंजळ, जी कुणीच विसरायला सांगू शकत नाही, तिच्याआड मी लपतोय का? माझ्यावर झालेला अन्याय मी माझ्या चुकीच्या अंगावर पांघरूण म्हणून घालतोय का? द्वारकाबाईनं तर कधी आडनाव विचारलंच नव्हतं. तिनं आपले तळवे त्याच्या टेबलावर ठेवले होते, त्याच्या वहीला लागून, इतक्या जवळ की वहीच्या कडेला पिवळं लागलं होतं. थांबला तो हात त्याचा होता. आणि थांबवणारं जे काही होतं, ते त्या खोलीत दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं...

‘‘ध्यान कुठाय, साहेब? घर मागं राहिलं!’’ रुक्माबाई ओरडली.

अंगणात लिंबाखाली द्वारकाबाईचा नवरा ग्यानबा बसला होता. त्यानं खाट झटकून पुढं सरकवली, ‘‘बसा डॉक्टर’’ एवढं म्हणाला आणि गोठ्याकडे निघून गेला. मुलगा, बालाजी, बायकोच्या दिवसांनंतर पुण्याकडे कामाला गेला होता. फोन उचलत नव्हता, म्हणे. द्वारकाबाई ओट्यावर सुपात तूर निवडत होती. तिचे हात आता स्वच्छ होते. मातीच्या रंगाचे, नुसते हात. प्रमोदनं तिकडून नजर काढली.

‘‘पानी घ्या,’’ ती म्हणाली, आणि तांब्या त्याच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं. पाणी गार होतं.

रुक्माबाईनं कागद मांडीवर घेतले. प्रश्न छापलेले होते, ती आपल्या बोलीत विचारत होती. ताप आलता का. उलट्या कवा सुरू झाल्या. पानी कुठलं पेत होते. द्वारकाबाई एकेका शब्दात उत्तर देत होती, तुरीतले खडे वेचत, नजर सुपात. हळदीच्या दिसात शेतातल्या हिरीचं. व्हय. न्हाई. सातव्या दिशी बरळाया लागली. व्हय.

‘‘अन् पिवळेपना कवा दिसला?’’

सूप थांबलं.

‘‘ते मला नको इचारू, रुक्मा.’’

‘‘कागदात हाय, बाई. इचारावं लागतंय.’’

‘‘दिसला कवा... दिसतच होता की. म्या म्हणलं हळद. रोज घासत होते मी तिचे हात. डाळीचं पीठ लावलं, लिंबू लावला, मंग राख लावली. निघंना. म्हणलं औंदाची हळद लई रंगाची निघाली.’’ आणि मग तिनं पहिल्यांदा मान वर केली आणि रुक्माबाईकडे नाही, प्रमोदकडे पाहिलं. ‘‘खरं सांगा, डॉक्टर. माझ्या हळदीनंच गेली ना ती? मीच बसवली तिला तिथं. ती न्हाई म्हणत नव्हती, म्हणून बसवत गेले.’’

दीड महिना त्यानं या क्षणाची कितीतरी उत्तरं जुळवली होती, मागच्या खोलीत, छताकडे बघत. प्रमाण भाषेत, पूर्ण वाक्यांत, प्रत्येकात एक ‘परंतु’. त्यातलं एकही आलं नाही. जे आलं ते डोंगरकड्याच्या घरातल्या आवाजात आलं, जो आवाज तो या गावात कधी बाहेर काढत नसे.

‘‘न्हाई, द्वारकाबाई. हळदीनं न्हाई. कावीळ होती ती. पान्यातून आलेली. त्या दिशी तुमी आलाव तवाच असंल बहुतेक. डोळ्यात दिसली असती.’’ तो थांबला. ‘‘मी डोळे बघितले न्हाईत.’’

रुक्माबाईचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथं शाईचा ठिपका मोठा होत होता.

‘‘साहेब...’’ ती हळूच म्हणाली, ‘‘हे लिहू का?’’

‘‘लिहा.’’

ती लिहू लागली. वळणं घेत, शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर. बस, झालं, त्याला वाटलं. इतकं सोपं होतं, इतकं लहान. छातीतून काहीतरी उतरून अंगणात पडल्यासारखं हलकं वाटलं, आणि तो वाट बघू लागला. ओरडेल. तोंडात माती घालेल. नवऱ्याला हाक मारेल, चार माणसं जमतील, आडनाव निघेल. या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. खरं तर त्याला ते हवंच होतं — एकदा कुणी मोठ्यानं बोललं की ती गोष्ट एकट्याची राहणार नव्हती.

द्वारकाबाई ओरडली नाही. ती आपल्या तळहातांकडे बघत होती.

‘‘म्हंजी हळद नव्हती ती.’’

‘‘वरची हळद होती. खाली कावीळ होती.’’

‘‘मंग आठ दिस मी काय घासून राहिले होते?’’

प्रमोदची नजर पुन्हा तिच्या तळहातांवर गेली.

‘‘साल निघाली होती तळव्याची,’’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती सांगत होती आणि सांगता सांगता तिचं तिलाच कळत होतं. ‘‘म्हणायची, आत्याबाई, राहू द्या, झोंबतंय. मी म्हणायची, डॉक्टरनं सांगितलंय, धुतल्यावर जातंय. पानी कडक करून... हात मागं घ्यायची, तर मी मनगट धरून ठेवायची. शेवटी शेवटी तर हात मागं घ्यायचंबी सोडलं तिनं. मला वाटलं, शानी झाली.’’

रुक्माबाईनं लिहिणं थांबवलं होतं. हा भाग कुठल्या प्रश्नाखाली घालायचा, ते तिला समजत नसावं.

आणि प्रमोदला आता कळत होतं की हलकं वाटलं होतं ते काय होतं. तो तिच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवायला आला होता, असं वाटेनं स्वतःला सांगत आला होता. ते उतरलंही असेल. पण ती हळदीचा दोष उचलून चालत होती तेव्हा निदान तिचे आठ दिवस तरी तिचे होते — सुनेचे हात हातात घेऊन बसलेली सासू, गरम पाणी, लिंबाचा वास. तेवढंच तिच्याजवळ उरलं होतं. ते त्यानं आता घेतलं. खरं बोलून घेतलं. खोटं बोलून आधी तिची सून घेतली होती... खोटं तरी कसं म्हणावं, न बघता बोललेलं होतं ते. आणि आजचं बघून बोललेलं होतं, नीट, उजेडात, आणि तरीही दुसऱ्या माणसाला कुठं लागेल हे त्यानं आजही पाहिलं नव्हतं.

‘‘मंग हे आता काहून सांगायला आलाव?’’ द्वारकाबाईनं विचारलं.

त्यात राग नव्हता. राग असता तर त्याला धरून उभं राहता आलं असतं. वसमतची गाडी किती वाजता आहे, असं विचारावं तितकं ते साधं होतं, आणि तितकंच उत्तराची वाट बघणारं. त्यानं मनात शोधलं. तुमच्यासाठी? मघापर्यंत हेच वाटत होतं. तिच्यासाठी? तिला आता कशाचीच गरज नव्हती. कागदासाठी, नियमासाठी, पुढच्या कुणा गरोदर बाईसाठी? ही सगळी उत्तरं खरी होती आणि बैठकीत चालली असती. या ओट्यापाशी एकही चालत नव्हतं.

‘‘एकट्याला ऱ्हावत नव्हतं,’’ तो म्हणाला.

द्वारकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे डोळे त्यानं आज पहिल्यांदाच पाहिले: बुबुळांभोवती म्हातारपणाचं राखाडी कडं, आणि पांढऱ्यात बारीक लाल शिरा. त्या नजरेत क्षमा होती की नव्हती, हे त्याला वाचता आलं नाही. आणि वाचू नये, असंही वाटलं. मग तिनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. दार लोटलं नाही. उघडंही ठेवलं नाही. ते आपोआप जिथं थांबलं तिथं थांबलं.

‘‘साहेब, चला,’’ रुक्माबाई कागद गोळा करत कुजबुजली. ‘‘आता बसू नगा. लई झालं.’’

तिचं बरोबर होतं. उठायची वेळ त्याला आयुष्यभर इतरांच्या आधी कळत आली होती. लोकांच्या अंगणातून ओशाळं न वाटता, कुणाला ओशाळं न करता कसं निघायचं, हे त्याच्या पायांना पाठ होतं. पाय आताही तयार होते.

तो उठला नाही. आत ती रडत होती की भिंतीला टेकून नुसती बसली होती, की मागच्या दारानं गोठ्याकडे गेली होती, काही ऐकू येत नव्हतं. ती बाहेर आली तर काय म्हणायचं, हे त्यानं ठरवलं नव्हतं. आणि ठरवायला गेलेलं मन अर्ध्यातूनच परत आलं, तेव्हा त्याला जाणवलं की आपण कशाचीच वाट बघत नाही आहोत — ना शिवीची, ना सुटकेची. आत एक माणूस आहे आणि बाहेर आपण आहोत, एवढंच. यात सोबत नव्हती. पण गेल्या दीड महिन्यातलं ते जे एकटेपण होतं, ज्यात मान्य-अमान्य करणारं दुसरं कुणीच नव्हतं, तेही हे नव्हतं. हे जड होतं, आणि दोन टोकांनी धरलेलं होतं. आणि आपलं टोक सोडलं तर सगळं वजन आतल्या अंधाऱ्या खोलीत जाईल, अशा काहीशा समजुतीनं तो उन्हात, खाटेच्या कडेवर, ताठ बसून राहिला.